दगडातलं देवांचं रक्त!

बालमित्रांनो, आधी एक कबुली देऊन टाकते. मागे एकदा मी वर्गात एका प्रश्नाचं उत्तर साफ चुकीचं दिलं होतं. आणि ते चुकलंय हे मला स्वतःलाच पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं!

त्याचं असं झालं. जूनचा महिना. शाळा सुरू होऊन चार-पाच दिवसच झालेले. दुपारच्या सुट्टीनंतर मी चौथीचा वर्ग घेत होते. फळ्यावर भागाकार चालले होते. एकाएकी अंधारून आलं, वारा सुटला, खिडक्यांची दारं धाडधाड आपटायला लागली आणि टपोरे थेंब पडू लागले. झालं! भागाकार राहिला बाजूला. सगळी मुलं खिडकीशी. मीही खडू खाली ठेवला. (पहिल्या पावसात जे गुरुजी भागाकार शिकवत राहू शकतात त्यांना माझा साष्टांग नमस्कार!) आणि मग मैदानाकडून तो वास आला. कुठला ते सांगायला नकोच. तुमच्याही नाकाला तो आत्ता आठवला असेल.

खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा वास कशाचा?"

"कशाचा म्हणजे? मातीचा!"

"पण माती तर कालपण होती. काल का नाही आला?"

"काल कोरडी होती. आज ओली झाली."

"आमची आजी रोज अंगणात पाणी मारते. माती रोज ओली होते. तेव्हा एवढा येत नाही."

आता आली का पंचाईत! मी घाईघाईने म्हटलं, "अगं, पावसाचं पाणी वेगळं असतं," आणि मुलांना जागेवर बसवलं. मुलगी बसली. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढे केव्हातरी इंग्रजी शब्दकोश चाळताना एक शब्द समोर आला. पेट्रिकॉर! स्पेलिंग असं : पी, ई, टी, आर, आय, सी, एच, ओ, आर. यातल्या 'सीएच'चा उच्चार 'च' करायचा नाही बरं का, 'क' करायचा. केमिस्ट्रीत किंवा स्कूलमध्ये करतो तसा. अर्थ दिला होता : बऱ्याच दिवसांच्या कोरड्या हवेनंतर पाऊस पडला की जमिनीतून येणारा सुखद वास. मी खुर्चीत ताठ बसले. त्या मुलीचाच वास की हा!

मग मी त्या शब्दाच्या मागेच लागले. आणि काय सांगू, एका शब्दात एवढा ऐवज दडलेला असेल असं वाटलं नव्हतं.

पहिली गंमत म्हणजे हा शब्द दिसतो जुनापुराणा, पण आहे अगदी अलीकडचा. तो कुणी बनवला आणि कधी बनवला, हे नावानिशी सांगता येतं. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी तो बनवला. एक होत्या इझाबेल जॉय बेअर आणि दुसरे रिचर्ड ग्रेनफेल थॉमस. थॉमस वयाने बरेच मोठे. जॉय बेअर यांचा जन्म १९२७चा, म्हणजे तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या. ऑस्ट्रेलिया सरकारच्या विज्ञान संशोधन संस्थेत, मेलबर्न शहरात, दोघं काम करत. त्यांचा लेख 'नेचर' या प्रसिद्ध इंग्रजी साप्ताहिकात छापून आला. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला निघणारं, तुमच्या हातातल्या या अंकासारखंच. फक्त त्यात शास्त्रज्ञ लिहितात आणि शास्त्रज्ञच वाचतात!

आता तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञांना वासाशी काय करायचंय? तर ऐका. खनिजांचा अभ्यास करणाऱ्यांना हा वास फार पूर्वीपासून माहीत होता. दगडात चिकणमाती आहे की नाही हे ओळखायची त्यांची एक युक्ती होती. दगडावर तोंडाने 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि पटकन हुंगायचा. तुम्हीही करून बघा. कोरडं खापर घ्या, कौलाचा तुकडा घ्या, तोंडाजवळ धरून 'हाऽ' करा आणि लगेच नाकाशी न्या. पाऊस नसतानाही चिमूटभर पहिला पाऊस मिळतो! या वासाला ते लोक 'चिकणमातीचा वास' अशा अर्थाचं एक लांबलचक नाव देत : अर्जिलेशियस ओडर.

बेअरबाई आणि थॉमससाहेब यांना हे नावच खटकलं. कारण ज्या दगडांत चिकणमातीचा लवलेश नाही त्यांनाही हा वास येत होता. मग तो चिकणमातीचा कसा? आणि दुसरं त्याहून नवलाचं. दगड भट्टीत कडक तापवला की वास नाहीसा व्हायचा. पण तोच दगड कोरड्या, उबदार हवेत उघड्यावर ठेवला की काही काळाने वास परत यायचा! म्हणजे वास दगडाचा स्वतःचा नव्हताच. तो बाहेरून, हवेतून येऊन दगडात बसत होता.

हवेत कुठून आला? झाडापानांतून. आपण कढीपत्ता चुरगाळतो, निलगिरीचं पान चोळतो, तेव्हा वास येतो की नाही? झाडं न चोळताही असे पदार्थ सारखे हवेत सोडत असतात. सडणारा पालापाचोळाही सोडतो. हे पदार्थ उन्हाळाभर दगडांच्या आणि मातीच्या बारीक बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि तिथे त्यांच्यात बदल होत जातात. उन्हाळा जितका लांब, जितका कोरडा, तितका साठा जास्त. मग पाऊस येतो. पाणी छिद्रांत शिरतं आणि तिथे बसलेल्यांना म्हणतं, "उठा! आता आमची पाळी!" आणि ते सगळे एकदम हवेत.

या दोघांनी दगडांतून वाफ नेऊन तो साठा बाहेर काढला. निघालं काय? पिवळसर रंगाचं तेल! अगदी थोडं, पण खरोखरचं, बाटलीत धरता येईल असं. दगडातून तेल! आता त्या तेलाला नाव हवं. जुनं नाव तर चुकीचं ठरलेलं. म्हणून त्यांनी ग्रीक भाषेतून दोन तुकडे आणून जोडले.

पहिला तुकडा 'पेट्रा', म्हणजे खडक. हा तुकडा तुम्ही रोज ऐकता. पेट्रोल! पेट्रोलियम म्हणजे खडकातलं तेल. जॉर्डन देशात डोंगर कोरून केलेलं पेट्रा नावाचं प्राचीन शहर आहे, तेही हेच. म्हणजे पंपावरचं पेट्रोल आणि पहिल्या पावसाचा वास हे नावाने एकमेकांचे चुलतभाऊ झाले. वासाने मात्र अजिबात नाहीत!

दुसरा तुकडा 'इकॉर'. इंग्रज त्याला 'आयकॉर' म्हणतात. हा मात्र तुम्ही ऐकला नसणार. ग्रीक लोकांच्या पुराणात देवांच्या अंगात माणसांसारखं रक्त नसतं. कारण देव भाकरी खात नाहीत आणि द्राक्षांची दारू पीत नाहीत. त्यांच्या शिरांतून वाहतो तो इकॉर. होमर कवीच्या 'इलियड' या महाकाव्यात ट्रॉयच्या लढाईत डायोमिडीस नावाचा वीर चक्क अॅफ्रोडायटी देवीच्या हातावर भाला मारतो. तेव्हा तिच्या जखमेतून वाहतो तो इकॉरच. आपल्याकडे नल-दमयंतीच्या गोष्टीत देव ओळखायच्या खुणा आहेत, आठवतात? त्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. ग्रीकांनी आणखी एक खूण ठेवली, रक्ताची.

खडक आणि देवांचं रक्त. पेट्रा आणि इकॉर. पेट्रिकॉर! शास्त्रज्ञ रुक्ष असतात असं म्हणणाऱ्यांनी हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून बघावा.

पण इथे एक बारीकसा घोटाळा आहे, तो लक्षात ठेवा. बेअर आणि थॉमस यांनी हे नाव दिलं दगडातून निघणाऱ्या त्या तेलाला. पुढे लोकांनी ते सरसकट वासालाच लावून टाकलं. शब्द एकदा लोकांच्या तोंडात गेला की तो बनवणाऱ्याचं ऐकत नाही!

आणि त्या वासात एकटं ते तेल नसतंच. दुसराही एक वाटेकरी आहे. त्याचं नाव जिओस्मिन. हाही ग्रीक जोडशब्द, अर्थ 'जमिनीचा वास'. १९६५ साली, म्हणजे पुढच्याच वर्षी, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि लेशव्हॅलिए या शास्त्रज्ञांनी तो शोधला. जिओस्मिन तयार करतात मातीतले जिवाणू. त्यातले मुख्य स्ट्रेप्टोमायसिस. हे नाव घरातल्या मोठ्यांनी ऐकल्यासारखं वाटेल. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे इंजेक्शन याच जिवाणूंच्या एका जातीपासून मिळालं, आणि तेही याच रटगर्समध्ये, १९४३ साली! मातीला वास देणारा हाच गोतावळा माणसाला औषधही देऊन गेला.

जिओस्मिनच्या बाबतीत आपलं नाक भलतंच तिखट आहे. किती? चला, एक हिशोब करू. (शेवटी गणिताच्या बाई आहे मी!) साधारण १ ग्रॅम जिओस्मिन १० कोटी लिटर पाण्यात मिसळलं तरी पुष्कळ माणसांना ते वासाने कळतं. १० कोटी लिटर म्हणजे किती? उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो, तो १० हजार लिटरचा धरा. असे १० हजार टँकर! एक टँकर ८ मीटर लांब धरला आणि सगळे एकामागे एक उभे केले, तर ८० किलोमीटरची रांग होईल. आणि या सगळ्या रांगेत मिळून चिमूटभर, फक्त १ ग्रॅम. तरी नाक म्हणणार, "काहीतरी मातकट लागतंय!" बीट खाताना मातीचा वास येतो म्हणून तुम्ही नाक मुरडता ना? तो जिओस्मिनच. तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो तोही हाच. आंबट पदार्थापुढे जिओस्मिन टिकत नाही. म्हणून त्या माशाला चिंच किंवा लिंबू लावलं की वास कमी होतो. आजीला हे जिओस्मिनचं नाव न कळताही ठाऊक होतं.

पण जिवाणू हा वास तयार तरी कशाला करतात? आपण खिडकीशी उभं राहून 'आहाहा' म्हणावं म्हणून नक्कीच नव्हे. २०२० साली काही युरोपीय शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. मातीत स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे, उड्या मारणारे जीव असतात. ते या वासाकडे धावत येतात आणि जिवाणूंना खातात. खाताना जिवाणूंचे बीजाणू त्यांच्या अंगाला चिकटतात, पोटातूनही बाहेर पडतात आणि दूरदूर पसरतात. म्हणजे तो वास ही जिवाणूंची जाहिरात आहे म्हणा ना!

वास जमिनीतून सुटतो कसा, हेही आता डोळ्यांनी बघता आलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २०१५ साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी मातीवर पडणाऱ्या थेंबांचं चित्रण केलं. थेंब पडला की चपटा होतो. त्याच्याखाली मातीच्या छिद्रांतली हवा अडकते. तिचे बुडबुडे होतात, ते थेंबातून वर येतात आणि सोडावॉटरसारखे फसफसून फुटतात. त्याबरोबर अगदी सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि त्यांच्यावर बसून वास आपल्यापर्यंत येतो. हलका, मध्यम पाऊस असेल तर तुषार जास्त. धो-धो पावसात बुडबुड्यांना वर यायला सवडच मिळत नाही. म्हणूनच तो वास पहिल्या चार थेंबांचा असतो, चौथ्या दिवशीच्या झडीचा नसतो.

आता सांगा, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की नाही? पावसाचं पाणी वेगळं असतं हे माझं उत्तर चूक. पाणी तेच. वेगळी असते ती त्याआधीची कोरड! ज्या अंगणात रोज पाणी पडतं तिथे साठा व्हायला वेळच मिळत नाही. मैदान मात्र आठ महिने साठवत बसलेलं असतं.

तुम्हाला वाटेल, बरं झालं बाई, त्या ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी हे शोधून काढलं. शोधलं खरंच. पण त्यांच्याच लेखात एक उल्लेख आहे, तो वाचून मला फार आनंद झाला. त्यांनी लिहिलं आहे की भारतात, उत्तर प्रदेशात, हा वास धरून त्याचं अत्तर करतात. मिट्टी का अत्तर! कनौज हे त्याचं गाव. तिथले अत्तरवाले तळ्याची माती आणतात, तिचे तुकडे भाजतात आणि पाण्यासह तांब्याच्या मोठ्या देगेत घालून झाकण पक्कं लिंपून टाकतात. खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. तिथे चंदनाचं तेल असतं, ते वाफेतला वास धरून ठेवतं. बेअरबाईंनी प्रयोगशाळेत वाफ नेऊन जे केलं, त्याच जातीचं काम हे कारागीर बापजाद्यांपासून करत आले होते. फक्त त्यांनी त्याचा लेख लिहिला नाही, बाटली भरली.

आणि शब्द? आपल्याकडे तोही होता. मृद्गंध! मृद् म्हणजे माती. विंदा करंदीकरांच्या एका कवितासंग्रहाचं नावच 'मृद्गंध' आहे, आणि तो आला १९५४ साली, म्हणजे पेट्रिकॉरच्या दहा वर्षं आधी. त्याही मागे जायचं तर कालिदासाकडे जा. 'रघुवंशा'त सुदक्षिणा राणीला माती खायचे डोहाळे लागतात. तिच्या तोंडाला मातीचा सुवास येतो. दिलीप राजाला तो कितीही घेतला तरी पुरेसा होत नाही. कालिदास म्हणतो, उन्हाळा सरताना पावसाच्या थेंबांनी शिंपडलेलं रानातलं डबकं हत्ती हुंगत राहतो, तसा! नाक कसं तयार होतं बघा त्या कवीचं. (म्हणून तुम्ही माती खायची नाही हं! पोटात जंत होतील.)

तरी मृद्गंध आणि पेट्रिकॉर अगदी एकच नाहीत. आपण वासाला नाव दिलं, त्यांनी वासामागच्या तेलाला. मला विचाराल तर दोन्ही शब्द जवळ ठेवावेत.

या तेलाची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९६५ साली बेअर आणि थॉमस यांनी ते बियांवर वापरून पाहिलं. बियांची उगवण मंदावली, कोवळी रोपंही हळू वाढली! म्हणजे आपल्याला सुखद वाटणारं हे प्रकरण बियांना मात्र सांगतं, "थांबा, घाई करू नका." आता लगेच घरी जाऊन, म्हणून तर आजोबा पहिल्या पावसात पेरत नाहीत, असं सांगू नका. आजोबा थांबतात ते जमिनीत पुरेशी ओल नसते म्हणून. एक वळवाचा शिडकावा झाला, वासाला भुलून पेरलं आणि पुढे पावसाने पाठ फिरवली, तर बियाणं वाया जातं आणि दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर बसतं. त्या वासाची किंमत शेतकऱ्याला विचारा.

असो. ती मुलगी तोवर आमची शाळा सोडून तालुक्याच्या हायस्कुलात गेली होती. पण आठवडी बाजारात एकदा भेटली, आईबरोबर कांदे निवडत होती. मी तिला तिथेच धरलं आणि सगळं सांगितलं. दगड, तेल, देवांचं रक्त, सगळं. आई बिचारी पिशवी घेऊन ताटकळली. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाई, दगडाला वास हवेतून मिळतो, तर मग हवेलाच का नाही येत तो?"

या वेळी मी घाई केली नाही. म्हटलं, "हवेत तो फार विरळ असतो गं. गळक्या नळाचा एकेक थेंब दिसत नाही, पण रात्रभर बादली ठेव, सकाळी भरलेली असते. दगड ही ती बादली. शिवाय तिच्यात पडल्यावर तो बदलतो, आधीसारखा राहत नाही."

"मग करून बघा ना!" ती म्हणाली, आणि कांद्यांकडे वळली.

केलं! मार्चअखेर एका फुटक्या कौलाचे दोन तुकडे केले आणि आमच्या चुलीत चांगले लाल होईपर्यंत भाजले. (हे काम मोठ्या माणसांनीच करायचं बरं का!) एक तुकडा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कपाटात ठेवला. दुसरा शाळेच्या खिडकीबाहेर, कडुनिंबाखाली, जाळीत टांगला. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा नव्या चौथीला बोलावलं. दोन्ही तुकड्यांवर चमचा चमचा पाणी घातलं आणि डोळे मिटवून एकेकाला हुंगायला लावलं. बहुतेकांनी टांगलेला तुकडा बरोबर ओळखला. दोघातिघांना दोन्हींत फरक वाटला नाही. एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, दोन्हीला तुमच्या चुलीचा वास येतोय."

त्याचं म्हणणंही वहीत लिहून ठेवलंय. दोन्ही तुकडे पुन्हा भाजायचे आहेत. या वेळी कुंभाराच्या भट्टीत.